भूमितीतील पृष्ठांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या हातात द्याव्यात, की पडद्यावर दाखवणे पुरे आहे?

काटकोन_सोलापूर (धागाकर्ता), ५ जानेवारी

नमस्कार. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवतो. आमच्या विभागाच्या वाट्याला यंदा एक रिकामे लोखंडी कपाट आणि किरकोळ खर्चापुरती रक्कम आली आहे. त्या कपाटात त्रिमितीय भूमितीतील पृष्ठांच्या, म्हणजे पृष्ठभागांच्या, प्रतिकृती ठेवाव्यात असे मला वाटते. सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. जिओजेब्रा हा आकृत्या काढणारा संगणक-कार्यक्रम फुकट मिळतो आणि प्रक्षेपक वर्गात आहेच, मग लाकूड आणि पुठ्ठ्याचा पसारा कशासाठी, असे ते विचारतात.

माझ्या मनात हा विचार का आला ते सांगतो. मागच्या महिन्यात मी पडद्यावर झ = क्ष × य हे खोगिराच्या आकाराचे पृष्ठ दाखवले, सर्व बाजूंनी फिरवले आणि तास संपताना एकच प्रश्न विचारला : या पृष्ठावर एखादी सरळ रेषा पूर्णपणे बसते का? जवळजवळ सगळ्या वर्गाने 'नाही' असे लिहिले, आणि पृष्ठ वाकलेले आहे म्हणून, असे कारणही दिले. गंमत अशी की क्ष स्थिर धरला की झ ही य ची साधी रेषीय राशी उरते, त्यामुळे संगणकाने त्या पृष्ठावर जी जाळी काढली होती तिची प्रत्येक रेघ सरळच होती. तासभर मुले सरळ रेषांकडे पाहत होती आणि त्यांना एकही दिसली नाही.

म्हणून विचारतो : कोणत्या प्रतिकृती कराव्यात, कशाच्या कराव्यात, आणि त्या मी कराव्यात की मुलांकडून करवून घ्याव्यात?

शून्य_गुण, ५ जानेवारी

सर, हे परीक्षेत येणार आहे का, एवढेच आधी सांगा. उत्तर 'नाही' असेल तर मी मनापासून मदत करीन.

जुनी_पेठ, ५ जानेवारी

मी या विषयात अध्यापन करून निवृत्त झालो आहे, आणि उत्साहावर पाणी टाकण्याचा दोष पत्करून थोडा विरोध नोंदवतो. प्रतिकृतींचा हा प्रयोग जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १८७५ नंतर म्युनिक येथे फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर ब्रिल या गणितज्ञांनी विद्यार्थ्यांकडून प्लास्टरची पृष्ठे करवून घेतली, ब्रिल यांचे बंधू लुडविग यांनी डार्मश्टाट येथून त्या विकायला सुरुवात केली, आणि १८९९ मध्ये तो व्यवसाय मार्टिन शिलिंग यांच्याकडे गेला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्लाइन स्वतः या प्रतिकृती घेऊन गेले होते. युरोप-अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांनी त्या विकत घेतल्या, आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्यांतील बहुतेक काचेच्या कपाटांत धूळ खात पडल्या, कारण गणित चित्रांकडून अमूर्त रचनांकडे वळले होते.

तुमच्या लोखंडी कपाटाचे वेगळे काय होणार आहे? शिवाय प्रतिकृती म्हणजे एक पृष्ठ, तर समीकरण म्हणजे पृष्ठांचे सगळे कुटुंब. पडद्यावर एक सरकपट्टी हलवली की ते कुटुंब डोळ्यांसमोरून जाते. प्लास्टर हलत नाही.

ताणाबाणा, ६ जानेवारी

प्लास्टर हलत नाही हे खरे, पण सूत हलते. माझा गणिताशी संबंध शाळेपुरता आहे. पूर्व भागात आमचे यंत्रमाग होते, आता मुलगा टॉवेलचे काम पाहतो. सरांनी लिहिलेले खोगीर वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मागाची फणी आली. फणीला ठरावीक अंतराने घरे असतात. जुन्या, टाकून दिलेल्या फणीचे हातभर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत, एक टेबलावर आडवा आणि दुसरा समोर तिरका उभा करावा, आणि प्रत्येक दहाव्या घरातून सूत ओवून पहिल्याला पहिले, दुसऱ्याला दुसरे असे जोडत जावे. अंतर मोजायला नको, भोके पाडायला नकोत. सुते सगळी सरळ ताणलेली असतील, आणि तरी समोर जे उभे राहील ते वाकलेले असेल.

सुताविषयी सूचना : कापसाचे सूत हवेतील ओलाव्याप्रमाणे ताण बदलते, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. खळ दिलेले सूत घ्यावे किंवा सरळ पॉलिएस्टर घ्यावे.

काटकोन_सोलापूर, ६ जानेवारी

काका, फणीची कल्पना मला दहा वर्षे सोलापुरात राहून सुचली नाही, याची लाज वाटते. आपण जे वर्णन केले आहे तेच झ = क्ष × य आहे, पुस्तकी नाव अपास्तीय अन्वस्तज. दोन विषमतलीय (एका प्रतलात नसलेल्या) रेषांवर समान अंतराचे बिंदू घेऊन क्रमाने जोडले की तेच पृष्ठ मिळते.

जुनी_पेठ सरांच्या आक्षेपालाही सुताकडूनच उत्तर मिळते. क्लाइन यांच्या आधी, १८३० च्या सुमारास, पॅरिसमध्ये थिओडोर ऑलिव्हिए यांनी दोऱ्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. दोऱ्यांची खालची टोके पेटीत सोडून त्यांना शिशाची वजने लावलेली असत, त्यामुळे चौकट हलवली तरी दोऱ्या ताठ राहत आणि पृष्ठ बदलत जाई. तेव्हा सरकपट्टी त्या काळीही होती, फक्त ती पितळेची होती.

अभियंता_होटगी_रोड, ६ जानेवारी

आमच्याकडे त्रिमितीय मुद्रक आहे आणि त्याचा वापर मुख्यतः मोबाइलचे स्टँड काढण्यासाठी होतो, तेव्हा एक-दोन पृष्ठे काढून देणे अवघड नाही. मर्यादा मात्र आधीच सांगतो. गणितातील पृष्ठाला जाडी नसते, मुद्रकाला ती द्यावी लागते. साधारण दोन मिलिमीटर जाडी दिली की पृष्ठ टिकते, पण जिथे ते स्वतःला छेदते किंवा शंकूच्या टोकासारखे निमुळते होते तिथे ते एक तर मोडते किंवा तिथे गोळा होतो. नेमका तोच बिंदू विद्यार्थ्याला दाखवायचा असतो.

दोऱ्यांच्या प्रतिकृतींना एक मोठी उणीव आहे हेही लिहून ठेवतो. ज्या पृष्ठांवर सरळ रेषा नाहीत तिथे त्यांचा काहीच उपयोग नाही. चेंडूसारखा गोल दोरीने कसा दाखवाल?

मुका_खांब, ६ जानेवारी

गोल दोरीने दाखवता येतो, फक्त ती दोरी ताणायची नाही, विणायची! गणिताच्या धाग्यावर मी काय बोलणार म्हणून गप्प होते, पण आता राहवत नाही.

क्रोशाचा गोल रुमाल करताना मधल्या कड्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे टाके, घेतले आणि प्रत्येक फेरीला सहाच वाढवत गेले, म्हणजे सहा, बारा, अठरा, चोवीस, तर रुमाल सपाट राहतो. वाढ कमी केली की त्याची टोपी होते. वाढ जास्त झाली की कडेला झालर येते आणि तो टेबलावर बसायलाच तयार होत नाही. लहानपणी माझा रुमाल असा झालरीचा झाला की आई तो उसवायला लावत असे. मी अनेक वर्षांनी वाचले की त्या झालरीलाच गणितात मान आहे. कॉर्नेल विद्यापीठातील डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अपास्तीय प्रतल, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखे वळणारे पृष्ठ, क्रोशाने विणले, कारण त्याआधी गणितज्ञ थर्स्टन यांच्या पद्धतीने कागदी पट्ट्या जोडून केलेल्या प्रतिकृती हाताळताना फाटत असत. नियम अगदी साधा आहे. दर पाच खांबांमागे एक खांब वाढवायचा, आणि प्रत्येक फेरीत तेच.

शून्य_गुण, ६ जानेवारी

म्हणजे ताई, आपल्या मातोश्रींनी एक शोध उसवला.

मुका_खांब, ६ जानेवारी

एक नाही, किमान चार. आणि चौथ्या वेळेला लोकरही जप्त झाली होती.

जुनी_पेठ, ७ जानेवारी

ताईंच्या नियमात दडलेला खर्च विद्यार्थ्यांना अवश्य काढायला सांगावा. पाचाचे सहा म्हणजे प्रत्येक फेरीला १.२ पट. वीस खांबांनी सुरुवात केली तर दहाव्या वाढीनंतर सुमारे १२४ खांब होतात आणि विसाव्यानंतर सुमारे ७६७. सपाट रुमालात परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, इथे तो घातांकी वाढतो. हा फरक फळ्यावर दोन ओळींत लिहिता येतो हे खरे, पण विसाव्या फेरीला लोकर संपते तेव्हा तो ज्या तऱ्हेने समजतो तसा फळ्यावर समजत नाही, हे मला मान्य करावे लागेल. माझा विरोध अजून मागे घेतलेला नाही. तो थोडा सैल झाला आहे, इतकेच.

कडक_भाकरी, ७ जानेवारी

आमच्या घरी कडक भाकरीचा व्यवसाय आहे. वाळताना काही भाकऱ्या वाटीसारख्या होतात आणि काही दोन बाजूंनी वर, दोन बाजूंनी खाली अशा मुरडतात. अशा मुरडलेल्या भाकऱ्यांची चळत नीट लागत नाही आणि वाहतुकीत त्या आधी मोडतात. याचाही संबंध वरच्या चर्चेशी आहे का?

काटकोन_सोलापूर, ७ जानेवारी

थेट संबंध आहे. भाकरीची कड मधल्या भागापेक्षा जास्त आकसली तर परिघाला लांबी कमी पडते आणि वाटी होते, म्हणजे ताईंची टोपी. मधला भाग जास्त आकसला तर कडेला लांबी उरते आणि खोगीर होते, म्हणजे ताईंची झालर, फक्त एकाच वळणाची. भाजलेल्या पापडाच्या कडा नागमोडी होतात तेही कड जास्त पसरल्यामुळेच. चळत नीट हवी असेल तर कड आणि मध्य एकाच वेगाने वाळायला हवेत. ते कसे साधायचे, हे मात्र आपल्या घरातील जाणती माणसेच सांगू शकतील.

ताणाबाणा, ७ जानेवारी

माझा एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. नातवाच्या पुस्तकात लिहिले होते की सपाट कागद चेंडूवर सुरकुती न पडता बसवता येत नाही. हे खरे आहे, मी करून पाहिले. पण सुती पंचा माठावर टाकून चारही कोपरे उरेब (विणीला तिरके) ओढले, तर तो माठाच्या पोटापर्यंत एकही सुरकुती न पडता बसतो. पंचाही सपाटच असतो. मग गणित चुकले की पंचा?

जुनी_पेठ, ८ जानेवारी

फार वर्षांनी इतका चांगला प्रश्न ऐकला. उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले की पृष्ठावर मोजलेली अंतरे न बदलता ते वाकवले, तर त्याची वक्रता बदलत नाही. या वक्रतेला आता त्यांचेच नाव आहे. कागदाची वक्रता शून्य, गोलाची धन, म्हणून कागद गोलावर बसत नाही. या विधानात 'अंतरे न बदलता' ही अट आहे, आणि ती सर्व दिशांतील अंतरांना लागू आहे. कागद कोणत्याच दिशेने ताणला जात नाही. पंच्याचे तसे नाही. ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने तो ताणला जात नाही, कारण तिथे प्रत्यक्ष सूत आहे, पण उरेब दिशेने तो ताणला जातो, कारण त्या दिशेने सूतच नाही. सुतांची लांबी तीच राहते, त्यांच्यातील कोन बदलतो, आणि विणीतील बारीक चौरसांचे समभुज चौकोन होतात. म्हणजे अट पंच्याने मोडली, सिद्धांत मोडला नाही.

या विषयावर रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी १८७८ मध्ये पॅरिस येथे कपडे बेतण्याच्या गणितावर व्याख्यान दिले होते, आणि चेंडूवर कापड कसे बसवावे हे त्यात दाखवले होते. पृष्ठावरील अशा जाळ्याला आजही त्यांचे नाव आहे. सोलापूरच्या वर्गात हे शिकवले जात नाही, याचे मला आता वाईट वाटते, कारण मीही ते कधी शिकवले नाही.

काटकोन_सोलापूर, ८ जानेवारी

आजच करून पाहिले. पंच्यावर ताण्या-बाण्याला धरून पाच-पाच सेंटिमीटरचे चौरस स्केचपेनने आखले आणि तो माठावर ओढला. माथ्यावरचे चौरस चौरसच राहिले. माथ्यातून जाणाऱ्या दोन मुख्य सुतांवरचेही जवळजवळ तसेच राहिले. त्यांच्या मधल्या भागात जसजसे खाली जावे तसतसा चौकोनाचा माथ्याकडून खाली येणारा कर्ण लांबत गेला आणि आडवा आखडत गेला. मुलांनी कोनमापक लावून माथ्यापासूनचे अंतर आणि कोन यांचा तक्ता केला. प्रतिकृतीचा खर्च शून्य, कारण माठ कर्मचारी कक्षातील होता. दिवसभर शिक्षकांना पाणी बाटलीतून प्यावे लागले, ही तक्रार वेगळी.

चादरीवर मात्र हे जमत नाही. वीण इतकी घट्ट असते की कोन फारसा बदलत नाही आणि सुरकुती पडतेच.

ताणाबाणा, ८ जानेवारी

चादर तशीच असायला हवी, सर. कोन बदलणारी चादर गिऱ्हाईक परत आणून देते.

कपाटासाठी आणखी एक वस्तू सुचवतो. सूत ज्या कागदी कोनांवर (शंकूच्या आकाराच्या नळ्यांवर) येते ते रिकामे कोन आमच्याकडे पोत्याने पडून असतात. पुष्कळ ठिकाणी चालणाऱ्या कोनाचा उतार ५ अंश ५७ मिनिटांचा असतो. मुलांना शंकुछेद शिकवायला यापेक्षा तयार वस्तू मिळणार नाही.

अभियंता_होटगी_रोड, ८ जानेवारी

हा आकडा उपयोगी आहे. अर्धकोन ५ अंश ५७ मिनिटे असेल तर त्याची ज्या (साइन) सुमारे ०.१०३७ येते, आणि तिला ३६० ने गुणले की उलगडलेल्या पाकळीचा कोन सुमारे ३७ अंश येतो. विद्यार्थ्यांनी आधी गणित करावे, मग कागदी कोन उभा कापून टेबलावर पसरावा आणि मोजावा. पसरलेल्या कागदावर पट्टीने सरळ रेघ मारून तो पुन्हा गुंडाळला, तर ती रेघ शंकूवरच्या जवळजवळच्या बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग दाखवते. शंकू दोन्हीकडे हवा तितका मोठा आहे असे मानले, तर अशी एक रेघ टोकाभोवती १८० भागिले ३७.३, म्हणजे सुमारे ४.८ फेरे घेते आणि स्वतःलाच छेदते. सरळ रेघ स्वतःला छेदते हे ऐकून माझ्या वर्गातील अर्धी मुले जागी झाली असती.

स्पर्शरेषा, ९ जानेवारी

धागा पहिल्यापासून वाचला. मी दृष्टिहीन मुलांना गणित शिकवते, त्यामुळे 'पडदा की प्रतिकृती' हा प्रश्न माझ्या वर्गात उद्भवतच नाही. पण म्हणूनच प्रतिकृती कुठे फसवतात हेही मला रोज कळते, आणि ते या चर्चेत अजून आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी मी खिळ्यांच्या चौकटीवर दोऱ्या ताणून खोगीर केले होते. एका मुलाने बराच वेळ त्यावरून बोटे फिरवली आणि विचारले, "बाई, दोन दोऱ्यांच्या मधे ते पृष्ठ आहे की नाही?" डोळस माणूस त्या फटी मनाने भरून घेतो. बोट भरून घेत नाही, ते फटीत शिरते. त्या मुलाच्या दृष्टीने मी त्याच्या हातात पृष्ठ दिलेच नव्हते, बावीस दोऱ्या दिल्या होत्या. मग मी त्याच मापाचे खोगीर शाडूच्या मातीचे केले आणि दोन्ही शेजारी ठेवले. मातीवरून बोट एका दिशेने चढते आणि आडव्या दिशेने उतरते हे त्याला लगेच कळले. सरळ रेषा मात्र मातीत सापडेना. शेवटी विणायची सुई हातात दिली आणि ती पृष्ठावर सपाट टेकेल अशी दिशा शोधायला सांगितले. त्याने एक शोधली, मग त्याच बिंदूतून दुसरी शोधली, आणि तिसरी नाही असे स्वतःच सांगितले. दोऱ्यांच्या चौकटीत मी एकाच दिशेच्या दोऱ्या लावल्या होत्या. दुसरी दिशा मी दाखवलेलीच नव्हती.

आकाराविषयी सांगायचे तर, वस्तू दोन तळव्यांत मावली पाहिजे. मोठी प्रतिकृती आम्हाला तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागते.

जुनी_पेठ, ९ जानेवारी

बाई, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी माझा विरोध लेखी मागे घेतो. काचेच्या कपाटाविषयी मी जे म्हणालो ते कपाटाला लागू होते, प्रतिकृतीला नाही. काचेआड ठेवलेल्या वस्तूवर सुई टेकवता येत नाही.

गटिंगेन_मार्गे_बाळीवेस, १० जानेवारी

माझे बालपण बाळीवेशीत गेले आणि सध्या शिक्षणासाठी जर्मनीत आहे. गटिंगेन विद्यापीठाच्या गणित विभागातील प्रतिकृतींचा जुना संग्रह मी पाहिला आहे. तो अजूनही काचेच्या कपाटांत आहे, आणि जुनी_पेठ सर म्हणतात त्याप्रमाणे हात लावता येत नाही. तरीही एका वस्तूपुढे मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. गणिती क्लेब्श यांचे घन पृष्ठ, म्हणजे तिसऱ्या घाताच्या समीकरणाचे पृष्ठ. १८४९ मध्ये केली आणि सामन यांनी दाखवले होते की सर्वसाधारण घन पृष्ठावर बरोबर २७ रेषा असतात, पण त्यांतल्या पुष्कळ सामान्यतः काल्पनिक असू शकतात. क्लेब्श यांनी १८७१ मध्ये असे पृष्ठ दिले की ज्यावर सत्ताविसाच्या सत्तावीस वास्तव आहेत. प्लास्टरवर त्या कोरलेल्या आहेत. मी मोजायला लागलो आणि दर वेळी एकोणीस-वीसच्या पुढे चुकलो, कारण मागच्या बाजूला जाता येत नव्हते.

शून्य_गुण, १० जानेवारी

सर, कपाटाला फिरती बैठक लावा, ही माझी गंभीर सूचना आहे. गड्ड्याच्या जत्रेत पाळणा फिरतो, मग पृष्ठ का फिरू नये? आणि मौत का कुआँ हेही एक पृष्ठच आहे, त्याच्यासाठी शैक्षणिक सहल काढता येईल.

काटकोन_सोलापूर, १० जानेवारी

सहलीच्या प्रस्तावावर प्राचार्यांची सही कोण आणणार, ते आधी ठरवा. बैठकीची सूचना मात्र स्वीकारली.

अभियंता_होटगी_रोड, ११ जानेवारी

फिरत्या बैठकीवरून सुचले ते लिहितो. दोन गोल तबकड्या घ्या, प्रत्येकीच्या कडेला ३६ भोके पाडा, आणि समोरासमोरच्या भोकांतून सुते ओवा. ही झाली वृत्तचिती. आता वरची तबकडी फिरवा. कमरेची त्रिज्या मूळ त्रिज्येच्या, फिरवलेल्या कोनाच्या निम्म्याच्या कोज्येइतकी (कोसाइनइतकी) पट होते. बारा भोके, म्हणजे १२० अंश फिरवले की कंबर बरोबर निम्मी. अठरा भोके फिरवले की सगळी सुते एका बिंदूत मिळतात आणि दुहेरी शंकू होतो. मधले सगळे आकार म्हणजे एकपृष्ठी अपास्तज, ज्याची कंबर वेताच्या स्टुलासारखी असते. सुतांची लांबी कायम ठेवली तर तबकडी फिरवताना खाली येते. १५ सेंटिमीटर त्रिज्या आणि ४० सेंटिमीटरचे सूत असेल तर उंची ४० वरून १२० अंशांवर सुमारे ३०.४ आणि १८० अंशांवर सुमारे २६.५ होते. तबकडी जागेवर ठेवायची असेल तर ऑलिव्हिए यांच्याप्रमाणे सुतांना खाली वजने लावावीत.

स्पर्शरेषा बाईंची सूचना लक्षात घेऊन उलट्या दिशेने दुसऱ्या रंगाची सुते लावावीत, म्हणजे प्रत्येक बिंदूतून जाणाऱ्या दोन्ही रेषा दिसतील.

ताणाबाणा, ११ जानेवारी

दोनपदरी वीस काउंटचे सूत घेतले तर एका ग्रॅममध्ये सुमारे १७ मीटर बसते. दोन्ही रंगांची मिळून ७२ सुते, प्रत्येकी ४० सेंटिमीटर, म्हणजे २९ मीटरच्या आत. दोन ग्रॅमसुद्धा सूत लागत नाही. मी अर्धा किलो पाठवतो, उरलेले सर्व विभागांना वाटा.

मुका_खांब, १२ जानेवारी

हे सर्व छान आहे, पण 'एकपृष्ठी अपास्तज' आणि 'अपास्तीय अन्वस्तज' ही नावे ऐकून माझी वीण सुटली. खोगीर हा शब्द किती सोपा आहे! अपास्तजालाही डमरू म्हणा की.

जुनी_पेठ, १२ जानेवारी

वर्गात खोगीर आणि डमरू, उत्तरपत्रिकेत अन्वस्तज आणि अपास्तज. मी आयुष्यभर उलटे केले.

काटकोन_सोलापूर, २१ जानेवारी

जत्रेच्या सुट्टीनंतर वर्ग भरला, तेव्हा काय झाले ते कळवण्याचे ऋण माझ्यावर आहे.

काकांनी दिलेल्या फण्यांवर चार-चार मुलांच्या गटांनी खोगिरे केली. पहिल्या तासाला निम्म्या गटांनी एका फणीची घरे उजवीकडून आणि दुसरीची डावीकडून मोजली, त्यामुळे सुते मध्येच एकमेकांत गुंतली आणि भलतेच काहीतरी तयार झाले. ते सोडवून पुन्हा ओवताना 'क्रमाने जोडणे' म्हणजे काय यावर जी भांडणे झाली, ती मी मुद्दाम मिटवली नाहीत. दुसऱ्या तासाला सुया वाटल्या. सुतांच्या मधून, उलट्या दिशेने, सुई सर्व सुतांना टेकवत आरपार जाते हे तीन गटांना आपोआप सापडले. बाकीच्यांनी त्यांचे पाहून केले.

मग मी चाचणी घेतली आणि तिथे फसलो. पडद्यावर डमरू दाखवून विचारले की यावर सरळ रेषा आहेत का. बहुतेकांनी 'आहेत' लिहिले. मी खूश झालो. पुढच्या प्रश्नात गोल दाखवून तेच विचारले, तर वर्गातील बऱ्याच जणांनी तिथेही 'आहेत' असे लिहिले! आधी त्यांना वाटत होते की वाकलेल्या पृष्ठावर रेषा नसतातच, आता वाटते की असतातच. मी एक गैरसमज काढून त्या जागी दुसरा बसवला.

स्पर्शरेषा, २१ जानेवारी

सर, तुम्ही त्यांना फक्त अशाच वस्तू दिल्या ज्यांवर सुई टेकते. माझ्या टेबलावर खोगिराशेजारी नेहमी एक रबरी चेंडू आणि एक नळी असते. चेंडूवर सुई एकाच बिंदूत टेकते आणि डुगडुगते. नळीवर एकाच दिशेने पूर्ण टेकते. खोगिरावर दोन दिशांनी. तिन्ही वस्तू एकाच तासाला हातात गेल्या पाहिजेत, वेगवेगळ्या दिवशी नाहीत.

काटकोन_सोलापूर, २३ जानेवारी

बाईंच्या सांगण्याप्रमाणे आज चेंडू, सुताचा रिकामा कोन आणि फणीचे खोगीर एकत्र दिले. एका मुलीने कोनावर सुई टेकवून विचारले की इथे एकच दिशा का, दोन का नाहीत. कोन कापून पसरल्यावर तो सपाट होतो, याच्याशी त्याचा संबंध आहे का, असेही तिने विचारले. मी उत्तर दिले नाही, सोमवारी तिलाच फळ्यावर बोलावले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कपाटात आजच्या घडीला इतकेच आहे : फण्यांची दोन खोगिरे, तबकड्यांचे एक डमरू, सोळा कागदी कोन, आखलेला पंचा, रबरी चेंडू आणि सुयांचा डबा. त्रिमितीय मुद्रकावर घन पृष्ठ काढून देण्याचे होटगी रोडच्या मित्रांनी मान्य केले आहे. रक्कम जवळजवळ तशीच शिल्लक आहे, आणि ती खर्च का झाली नाही याचा खुलासा कार्यालयाने मागवला आहे.

मुका_खांब, २३ जानेवारी

माझी झालर चौदाव्या फेरीला आली आहे. शिल्लक रकमेतून लोकर घ्यावी, खुलाशाचा प्रश्न सहा फेऱ्यांत मिटेल.

ताणाबाणा, २३ जानेवारी

आणखी आठ फण्या काढून ठेवल्या आहेत. रविवारी दुपारी चारनंतर कोणाला तरी पाठवा. तेलकट आहेत, आधी रॉकेलने पुसून घ्या, नाहीतर पांढरे सूत काळे होईल आणि दुसऱ्या दिशेचा रंग कोणता ते कळणार नाही.